शेवटच्या चरणाची जागा

शालू : काका, हात काढा तथून. दिव्यायची पाटी टांगली नाई अजून, चौरंगाले नुसती टेकवली आहे.

खुशालराव : हात मी लावूनच नाई राहिलो. मी सकाळचंच विचारून राहिलो, किसनरावचा फोटो तिच्यावर बसते का नाई बसत.

शालू : बसते. मंग कीर्तनातल्या अभंगाची एक ओळ बाहेर काढा लागते.

खुशालराव : हे काय नवीन? एवढी मोठी पाटी, दिवेच दिवे, आन् माणसाचं एक तोंड बसत नाई?

शालू : सवाल दिव्यायचा नाई. कोणचा दिवा कवा पेटवाचा, कोणत्या रंगात, हे सारं या चिपमंधी लिहून ठेवा लागते. ही पाहा, बोटाएवढी. तिच्यातली जागा भरली.

खुशालराव : चार ओळीत भरली?

शालू : तिले मराठी अक्षर येत नाई, काका. इंग्रजी येते. मराठी ओळ दाखवाची असली तं तिचं चित्र काढून देवा लागते. हा दिवा पेटव, तो नको, असं एकेक टिंब. एक वेलांटी नीट दिसाले माही अख्खी दुपार गेली.

खुशालराव : म्हणूनच म्हणतो, एक ओळ कमी कर. तुयंच काम हलकं.

शालू : काम झालेलं आहे. आता कमी करून हलकं नाई होत.

खुशालराव : सकाळी म्हटलं तशी शेवटची काढ. शेवटी शेवटी कोण वाचते? लोकाचं ध्यान आरतीकडं लागलेलं असते.

शालू : शेवटच्या चरणात संताचं नाव असते, तवाच सारे डोकं टेकवतात. इतके वर्षं सप्ताह कमिटीचे अध्यक्ष आहात, हे मी सांगू तुमाले?

खुशालराव : ते नाव बुवा तोंडानं घेतेच ना. साऱ्याले आयकू येते.

शालू : साऱ्याले?

खुशालराव : हे पाह, केशरवैनीची गोष्ट येगळी. एका माणसासाठी मी किसनरावले दुखवू का?

शालू : त्या एका माणसासाठीच केली मी ही पाटी. तुमच्या कमिटीसाठी नाई केली. माय माही जन्मभर या मांडवात पुढं बसली. घरचं पाणी भराचं राहो, सैपाक राहो, कीर्तन सुटलं नाई तिचं. कान गेले तरी येत होती. बाकीच्या बाया कवा डोकं टेकवतात ते पाहून टेकवत होती. मागच्या वर्षीच्या सप्ताहात बुवा मधातच गोष्ट सांगून राहिले होते, एक बाई काही उचलाले वाकली आन् मायनं डोकं टेकवलं. साऱ्या तोंडाले पदर लावून हासल्या. तुमची सून बी हासली.

खुशालराव : सुनेले आणू नको मधात.

शालू : तवापासून माय मांडवात आली नाई. आज येतो म्हणाली. कावून? तं मी सांगतलं, नाव येईन तवा ओळ केशरी होईन, तुले कोणाच्या तोंडाकडं पाहा लागणार नाई. आन् तुमी मले त्याच जागी फोटो टाक म्हणता. तोही कोणाचा?

खुशालराव : पाटीचं सामान त्यानं घेऊन देल्लं, अकोल्याहून.

शालू : सोयाबीनचं बियाणंही त्यानंच देल्लं होतं, त्याच्या दुकानातून. उगवलं तुमच्या वावरात?

खुशालराव : नाई उगवलं. मलेही दुबार पेरणी करा लागली. मंग काय भांडत बसू? पाणी कमी पडलं तवा.

शालू : हे त्याचं बोलणं आहे. देवमनकाकाचं वावर तुमच्या धुऱ्याले लागून. दुसऱ्या दुकानाचं बियाणं, पाणी तेच. ते हिरवंगार होतं, आन् तुमचं कोरं.

खुशालराव : हळू बोल. सैपाकी आयकून राहिले.

शालू : आयकू द्या. त्यायनंही तेच पेरलं होतं.

खुशालराव : आयक, मी काय म्हणतो. समजून घे.

शालू : तुमी समजून घ्या. कीर्तनाच्या आधी लावते फोटो. मंग चिप बदलवून अभंग लावते. झालं?

खुशालराव : तवा मांडवात असते कोण? सतरंज्या टाकणारे. सारे पाटीकडं पाहून राहिले असतीन तवाच पायजे, असं म्हणे तो.

शालू : सारे डोकं टेकवून राहिले असतीन तवा. असंच ना?

खुशालराव : तू शब्दाले शब्द लावत बसू नको. टाकला का नाई फोटो, ते सांग.

शालू : टाकला. सकाळी तुमी दम देल्ला म्हणून शेवटच्या ओळीच्या जागी टाकला. थांबा, माय येऊनच राहिली. लोकं यायच्या आधी तिले एक डाव पाहाचं होतं. तुमीही पाहा.

केशरबाई : आली वं मी. खुशालभाऊ, बरं झालं तुमी आहात. पोरीनं काहीतरी करून ठेवलं म्हणे मह्यासाठी. कोठी बसू?

शालू : पुढं बस. पुढं, माय. हे बटण मह्या हातात राहीन, काका. आधी घड्याळावर लावलं होतं, तं परवा घरी कीर्तन आयकत लावून पाहिलं तवा बुवा एकच ओळ घोळत बसले आन् पाटी पुढं पळाली. आता बुवानं ओळ बदलली का मी दाबते. सध्या मायच बुवा.

केशरबाई : दिसली. पिवळी आहे. डोयाले बरी वाटते. हळू सरकव, मी अक्षर लावून वाचतो. हं. वाचली.

शालू : दुसरी.

केशरबाई : ही आमची आई दळतानी म्हणे. वाचली. पुढची लाव.

खुशालराव : शालू, राहू दे. नंतर पाहू.

शालू : कावून नंतर? तिसरी, माय.

केशरबाई : वाचली. आता नाव येईन, नाई का? केशरी.

(पाटी केशरी होते. केशरबाई हात जोडून कपाळ जमिनीला टेकवते. पाटीवर भगव्या फेट्यातले किसनराव हसत असतात.)

खुशालराव : बंद कर ते.

शालू : कावून? बरोबर त्याच वेळी आला.

खुशालराव : शालू, बंद कर म्हणतो ना. वैनी, उठा. उठा तुमी.

शालू : तिले आयकू नाई येत. तिचं झालं का उठन ती.

केशरबाई : झालं बाई. इतक्या दिसानं बरोबर जागी टेकलं डोकं. पण वाचाचं राहून गेलं. खुशालभाऊ, तुमी तं पाटीकडंच पाहून राहिले होते. काय नाव आलं?

खुशालराव : काढ तो फोटो. ओळ टाक परत. किसनरावले मी पाहून घेतो.

शालू : टाकते. तिनं तुमाले विचारलं, काका. पयले तिले सांगा. जोरात सांगा लागते.

केशरबाई : सांगा ना, खुशालभाऊ. तोंड तं हालूनच नाई राहिलं तुमचं.