आधी तो कंगवा बाजूला करा

नाही, मला एवढंच सांगा, कंगवा ही काय पोराच्या तोंडात घालायची वस्तू आहे? तोही दुकानातला, दिवसभर दहा जणांच्या डोक्यांतून फिरलेला... माझा मुलगा न्हावी, पुढे दुकान आणि मागच्या खोलीत आम्ही. दोन वर्षांच्या नातवाला सकाळपासून ताप, सूनबाई औषध आणायला गेलेली, म्हणून त्याला घेऊन मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते. पोर मांडीवर झोपलेलं. आणि बघता बघता त्याचे डोळे वर गेले, जबडा आवळला, हातपाय ताडताड उडायला लागले. आकडी.

तुम्ही म्हणाल, दुकानातल्या बिचाऱ्यांना काय माहीत. पण माझ्या मुलाला माहीत नाही कसं? मागे एकदा आली होती तेव्हा डॉक्टरांनी मला आणि आमच्या चिरंजीवांना शेजारी शेजारी बसवून सांगितलं होतं, की तापात लहान मुलांना येते अशी, घाबरू नका, कुशीवर वळवा, टणक वस्तू दूर करा, दाबून धरू नका, तोंडात काही म्हणजे काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच अँब्युलन्स बोलवा. मी ऐकत होते. हा मान हलवत होता. मान हलवण्यात याचा हात कोणी धरणार नाही.

तर हा वस्तरा टाकून धावत आला, आणि केलं काय, तर पोराचं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं. सगळा जन्म लोकांची डोकी हलू न देण्यात गेला ना याचा... "आई, डोकं हलतंय गं." अरे हलणारच, त्याची काय दाढी चाललीय? सोड म्हटलं. तर म्हणतो, "अगं, पण काहीतरी करायला नको का?"

झालं. तेवढ्यावर अख्खं दुकान उठलं. अर्ध्या गालाला फेस लावलेले शिंपीकाका म्हणाले, "दातखीळ बसली, जीभ तुटेल, काहीतरी करा," आणि स्वतःच कंगवा उचलून पोराच्या जबड्यात कोंबायला लागले. दुसरा केस भिजवायची बाटली घेऊन तोंडावर फुसफुस पाणी मारतोय. का रे बाबा, भांग पाडायचाय का त्याचा? तिसरा मोबाइल धरून मलाच म्हणतो, "आजी, जरा सरका, दिसत नाहीये." आणि सगळे मिळून माझ्या डोक्यावर, काहीतरी करा, काहीतरी करा...

मग मात्र माझी सटकली. मुलाच्या हातावर फटका मारला, कंगवा ओढून भिरकावला, खाली कापलेल्या केसांवरच टॉवेल टाकला, पोराला कुशीवर निजवलं, आणि म्हटलं, आता जो पुढे येईल त्याची हजामत मी करीन. मग पाठीवर नुसता हात ठेवून बसले. अहो, करतच होते की मी! लाळ गळतेय, ओठ काळेनिळे पडलेत, आणि आपण हात आवरून बसायचं, याच्याइतकं अवघड काम मी जन्मात केलं नाही. घड्याळ माझ्या पाठीमागे, म्हणून आरशात बघत होते. अक्षर येत नाही मला, पण घड्याळ येतं. आरशात मेला काटाही उलटा चाललेला... मिनिटांची दोन घरं सरकला, तिसरं लागलं, आणि पोराचं अंग सैल पडलं. मोठा श्वास घेतला त्याने. मग मीही घेतला.

"आता पाणी पाजू?" चिरंजीव पेला घेऊन हजर. म्हटलं, पुरता जागा होऊ दे, मग पाज. आणि शिंपीकाका, गालावरचा फेस वाळलेला, चारचौघांत सांगतायत, "कंगव्याने काम केलं बघा. वेळेवर काहीतरी केलं म्हणून."

सूनबाई आली तशी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोराचं तोंड उघडलं आणि हिरडीजवळून कंगव्याचा मोडका दात काढून टेबलावर ठेवला. "हा श्वासनळीत गेला असता म्हणजे?" मुलगा माझ्याकडे बघतोय, मी छताकडे. सूनबाई मात्र त्याच्याकडे अशी बघत होती, की आकडी परवडली. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हा पुन्हा मान हलवतोय.

"काळजी करू नका आजी," डॉक्टर म्हणाले, "मोठा झाला की आपोआप जाईल हे."

मी म्हटलं, "नातवाचं म्हणताय ना?"

त्यांनी मुलाकडे एकदा नीट पाहिलं. म्हणाले, "हो, नातवाचंच."