बॅटरीचं मशीन

सोलापुरात कानाच्या दवाखान्यात माझ्यासमोर भीमा आणि त्यांची बायको विजयमाला बसले होते. भीमा अकलूजच्या एका शाळेत माळी. शेजारच्या आजोबांनी विजयमालाबाईंना विचारलं,

“कानाला काय झालं यांच्या?”

“वीस वर्सं पेट्रोलच्या मशीननं गवत कापलं. लई आवाज करायचं ते.”

“अजून तेच वापरतात?”

“न्हाय. वर्गात शिकवलेलं ऐकू येईना, म्हणून शाळेनं बॅटरीचं आणलं. आता पोरांना सगळं ऐकू येतंय.”

“आणि यांना?”

“न्हाय की. जुनं हाताला तरी थरथरायचं. हे चालू हाय का बंद, तेबी कळत न्हाय. परवा चालू पात्याखालीच हात घालत होते.”

“मग आता कसं करतात?”

“मी जाते संगं. मशीन बंद झालं, की खांद्यावर हात ठेवते.”