सलवा सातला सुटली

हमादी : जेव, नाहीतर ऊठ. नुसता पाव कुस्करत बसू नकोस.

रौदा : बाबा, दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही माझ्याशी एक शब्द सरळ बोलला नाहीत. म्हणा ना एकदाचं, सलवाचा अपघात माझ्यामुळे झाला.

हमादी : असं मी कधी म्हटलं? ऑलिव्ह भरलेला टेम्पो होता, दिवे न लावता हाणत होता. पण काळोखात त्या रस्त्यावर सलवाला सायकल घेऊन उतरवलं कोणी? घरोघर फिरून कोण सांगत होतं, कारखान्यात सायकलने या, तब्येत सुधारेल?

रौदा : मीच. आणि खोटं नव्हते सांगत. मला आवडते सायकल. सकाळी खारपाटाच्या कडेकडेने आम्ही सगळ्या निघायचो, गप्पा मारत. जन्मात पहिल्यांदा कोणाची वाट न बघता मी कुठेतरी जात होते.

हमादी : माझ्या बसची वाट बघायचीस, त्यात कमीपणा होता?

रौदा : तसं म्हणाले का मी? लुत्फीसाहेबांनी सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं, हवी तिला सायकल, बाकीच्यांना हमादीकाकांची बस आहेच.

हमादी : आणि महिन्याभरात माझ्याकडून किल्ली काढून घेतली. का, तर मुली आता हौसेने सायकलवर येतात. पुरावा म्हणून तुझाच फोटो दाखवला मला. काय हसत होतीस त्यात.

रौदा : भांडले होते मी त्यांच्याशी.

हमादी : भांडलीस, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सायकलवर टांग मारून गेलीस.

रौदा : मग काय करायचं होतं? तुम्ही घरी बसलात म्हणून मीही बसायचं?

(दारावर थाप. कारखान्याचा व्यवस्थापक लुत्फी संत्र्यांची पिशवी घेऊन आत येतो.)

लुत्फी : सलाम, हमादीकाका. बसू का दोन मिनिटं? रौदा, आज आली नाहीस. समजू शकतो. सगळ्यांनाच धक्का बसलाय.

रौदा : दवाखान्यात होते. तुम्ही दिसला नाहीत तिथे.

लुत्फी : जाणारच आहे. कशी आहे सलवा?

रौदा : कमरेचं हाड मोडलंय. सूस शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं म्हणतायत.

लुत्फी : अल्ला बरं करो. हे बघ, मी आडपडदा ठेवत नाही. उद्या पोलीस चौकशीला येतील. पुढच्या आठवड्यात फ्रान्सचे पाहुणे येतायत, तुमचा सायकलचा उपक्रम बघायला. सायकलवाल्या मुलींची म्होरकी तू. विचारतील तुलाच. तू सांगायचं, काल सलवा पाचला सुटली.

रौदा : ती सातला सुटली. माल निघायचा होता म्हणून तुम्हीच तिची अख्खी रांग कामावर थांबवून ठेवलीत. मी शेजारच्या रांगेत होते. बायका म्हणत होत्या, बाहेर अंधार झालाय, आजच्या दिवस तरी बस काढा. त्यावर तुम्ही काय म्हणालात? बसून बसून आखडला असाल, सायकल चालवली की अंग मोकळं होईल.

लुत्फी : गमतीने म्हणालो मी ते.

रौदा : कोणी हसलं नव्हतं.

लुत्फी : मुद्दा समजून घे. पाचला सुटून ती मध्ये कुठे गेली असेल, कोणाला भेटली असेल, तर हा कामावरून घरी जातानाचा अपघात ठरत नाही. कारखान्यावर बालंट येत नाही. कारखाना टिकला तर तुम्ही सगळ्या टिकाल.

हमादी : कुठे गेली असेल?

लुत्फी : काका, तसं नव्हे हो...

हमादी : नाही, सांग ना. बिनलग्नाची पोरगी दोन तास कुठे होती, हे पोलीस गावभर विचारत फिरणार. तिच्या आईने काय उत्तर द्यायचं, तेही सांगून ठेव.

लुत्फी : लोक विसरतात, काका. आणि मी नुसता मागायला आलेलो नाही. मालकांशी बोलून आलोय. सोमवारपासून बस पुन्हा सुरू करू. तिला चालक बाहेरून कशाला आणायचा?

रौदा : बाबा...

हमादी : तू थांब. बस कुठे आहे आता?

लुत्फी : कारखान्याच्या मागेच. झाकून ठेवलीय.

हमादी : चालते?

लुत्फी : म्हणजे काय. रखवालदार अधूनमधून सुरू करून बघतो. ठणठणीत आहे.

हमादी : म्हणजे काल सलवा फाटकाबाहेर पडली, तेव्हा धडधाकट बस मागच्या भिंतीला उभी होती.

लुत्फी : तुम्ही भलताच अर्थ काढताय.

हमादी : कामाच्या पहिल्या दिवशी त्या पोरीला मीच सोडलं होतं. बसमध्ये डोळा लागायचा तिचा. कारखाना आला की हाका मारून उठवायचो. तिच्या नावाला काळं फासून मी पुन्हा त्या सीटवर बसू? उचल ती संत्री.

लुत्फी : रौदा, तू तरी विचार कर. तुझ्याही नोकरीचा प्रश्न आहे.

रौदा : केला विचार. उद्यापर्यंत थांबतच नाही, आत्ता चौकीत जाते. ती सातला सुटली, आणि तिला कोणी थांबवून ठेवलं, दोन्ही सांगते. तिच्या रांगेतल्या बायका आल्या तर बरंच, नाहीतर मी एकटी. आणि पाहुण्यांपुढे फोटोत हसायला दुसरी कोणीतरी बघा.

लुत्फी : पस्तावशील तू.

हमादी : दार उघडंच आहे, साहेब. पिशवी राहतेय.

रौदा : गेला बघा, भुर्रकन गाडीतून. आम्हाला एवढं शिकवलं, स्वतः एक दिवस सायकलवर बसला नाही.

हमादी : शाल घे. वारा सुटलाय.

रौदा : बाबा, तुमची बस आता कायमची गेली.

हमादी : कळतं मला. आणि तुझ्यावरचा राग गेलाय असंही समजू नकोस. तो आपण घरात बघू. आधी चौकी.

रौदा : तिथून दवाखान्यात जाऊ या? पण सलवाची आई मला आत येऊ देणार नाही. सकाळी मला बघून तोंड फिरवलं तिने.

हमादी : मग बाहेरच्या बाकावर बसू. औषध आणायला पळावं लागलं, तर त्या बाईला कोणीतरी हवं ना.