शेवटचं पान

बोईसरहून दांडीला निघालेल्या एसटीत उभ्या म्हाताऱ्याने कापडी पिशवी पुढे केली. "ताई, जरा धरता?" तोंडाला ओढणी गुंडाळून बसलेल्या रूपलने ती मांडीवर घेतली. शेजारी उभा माणूस म्हाताऱ्याशी बोलू लागला.

"चिंतूकाका, तुमच्या वेदपाठशाळेत कोण पोरगी येते म्हणं?"

"येते ना. पीएचडी करते म्हणून सांगते. चार दिस झाले, पोथ्या उचकते."

रूपलने ओढणी आणखी वर घेतली.

"मग बिघडलं काय?"

"अरे शैलेश, एक श्लोक वाचत नाय ती! खिडकीतून बघितलं मी, पाठमोरी बसते. पोथी सोडली की थेट शेवटचं पान. फोटो त्याचेच."

"त्यावर काय असतं?"

"पोथी कोणी लिहिली, कोणासाठी, कोणाच्या वाडीत बसून."

"म्हणजे कोणाची वाडी कुठे, जमिनीचंच!"

"नायतर काय? माझ्या बहिणीच्या गावात असाच एक आलेला अभ्यासाला. मागोमाग मोजणीवाले आले."

"गुरुजींना सांगितलं?"

"आमचे अण्णा गुरुजी भोळेच. तिला चहा पाजतात. मीच सकाळी झाडताना सगळ्या पोथ्यांची शेवटची पानं काढून घेतली."

"जाळली?"

"हात धजला नाय रे. देवाची अक्षरं ती. त्या पिशवीत आहेत, समुद्रात सोडतो, त्यासाठीच तर दांडीला चाललोय."

"आणि उद्या ती आली तर?"

"वाचू दे की श्लोक!"

दोघे हसले. गाडी थांबली.

"ताई, द्या पिशवी."

रूपलने दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरली होती.

"ताई? सोडा की."