टेमेहानीवरचं अर्धं फूल

नाही, आधी बसा. टेमेहानीच्या पठारावर मी सोडेन तेव्हाच जायचं. काय म्हणालात — फक्त फोटो? बरं. मग फोटोवाल्याला ओलं शेवाळ कशाला लागतं? पिशवी मी उघडली नाही साहेब, खालून पाणी गळतंय. म्हणे ताहितीहून आलो, फुलांचा अभ्यास करतो. मग सांगा, माझ्या कुंपणाचं हे तिआरेचं फूल आणि वरचं तिआरे आपेताही, एकाच कुळातली का? — वहीत काय शोधताय? मी चार यत्ता शिकलोय, तरी सांगतो. हे कुंपणाचं कॉफीच्या कुळातलं. फांदी मोडा, खोचा, लागलं — वाळूत लागतं, डुकरांच्या खुराड्यामागे लागतं. वरचं घंटीफुलांच्या कुळातलं. पाकळ्या पाच, त्याही सगळ्या एकाच बाजूला, पंजा उघडावा तशा. अख्ख्या जगात आमच्या राइआतेआ बेटावर, आणि बेटावरही त्या ढगातल्या पठारावरच. खाली आणलं की मेलं. सोळा दिवसांत. आधी पानं काळी पडतात, मग देठ — कसं माहीत म्हणजे? लोक सांगतात. लोक म्हणजे — बरं, मीच आणलं होतं. माझी बायको, मोएआता, तिचे गुडघे गेले होते. ते फूल पहाटे उमलताना एकदा बघायचं म्हणाली. पाठीवर घेऊन जातो म्हटलं, तर म्हणे, म्हाताऱ्या, दोघंही दरीत जाऊ. मग मी झुडूप मुळासकट काढलं, ओल्या शेवाळात गुंडाळलं — हो, तुमच्यासारखंच — आणि दारात लावलं. आमच्याकडे खोचलेलं सगळं लागतं, हेही लागेल असं वाटलं. एक कळी होती. उघडलीच नाही. मोएआता एवढंच म्हणाली, “त्याला घराबाहेर काढलंस, तिहोनी.” त्यानंतर शेवटपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ती गेली तेव्हापासून, अकरा वर्षं, मी या वाटेवर बसतोय. तरी चोर येतातच, दुसऱ्या बाजूने चढतात. उघड्या पठारावरची सगळी संपवली. आता धबधब्याच्या वर, काळ्या कड्याखाली सात झुडपं उरलीत, ती तेवढी अजून कुणाला —

वहीत काय लिहिलंत?

ते पान फाडा. इकडे द्या. पिशवी इथेच राहील. बोटीचा धक्का खाली आहे, वाट सरळ आहे. चला, उठा.