फळी ओली आहे, कशावरून?

...नाही, तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं फळ्या ठोकून पारखणाऱ्या माणसाला कुणी विचारावं, "कशावरून?" मी म्हटलं, ही फळी आतून ओली आहे, दाराला चालणार नाही. बास. विषय संपला. पण नाही! आमच्या चिरंजीवांनी कारखान्यात एक सल्लागार आणलाय, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट. तो मान तिरकी करून म्हणतो, "आजोबा, कशावरून?" आवाजावरून, म्हटलं, कोरडी फळी टणकन बोलते, ही भद्द वाजते. "तो तुमचा समज झाला. ज्ञान नव्हे. ज्ञानाला पुरावा लागतो." अरे, मग कान काय चष्मा अडकवायला दिलेत?

तुम्हाला सांगतो, मला तेव्हाच संशय आला. दुसऱ्याला शंका विकून पोट भरणारा माणूस!

त्यानं यंत्र काढलं, फळीला दोन सुया टोचल्या. "कोरडी!" यंत्र खरं बोलतं, कशावरून? तर म्हणे, "कंपनीनं लिहून दिलंय." घ्या! माझा कान म्हणजे समज आणि कंपनीचा कागद म्हणजे पुरावा! सुया वरवर, ओल पोटात...

चिरंजीव म्हणाले, "बाबा, याच फळ्यांचं दार या सल्लागारांच्या केबिनला लावू. टिकलं, तर फळ्या पास करणं तुम्ही सोडायचं." सोडायचं? मग मी काय फाटकाशी बसून गाड्या मोजू?

घरीही तेच. "जेवलो" म्हटलं, तर आमची ही म्हणते, "कशावरून?" आणि पातेल्याचं झाकण उचलून बघते!

तीन आठवड्यांत दार वाळलं, पिळलं, चौकटीत रुतून बसलं. आतून हाका! "आजोबा, दार उघडत नाहीये!" मी खुर्ची ओढली, बसलो, विचारलं, "कशावरून?"

"ओढून बघितलं ना!"

"तो तुमचा समज झाला."

शेवटी पहारीनं काढलं त्याला. वाटलं, आता तरी गप्प बसेल. तर घाम पुसत म्हणतो, "आजोबांचं खरं ठरलं, पण ज्ञानानं की योगायोगानं?" झालं! शंभर फळ्या माझ्याकडून ठोकून घेतल्या, उत्तरं लिहून घेतली, फळ्या कापून पाहिल्या, शंभरच्या शंभर बरोबर, आणि गेल्या सोमवारपासून कामगारांना फळी ठोकायचा वर्ग सुरू. शिकवतो तो! पहिल्या बाकावर मी!

काल परीक्षा झाली. माझी उत्तरं सगळी बरोबर, पण 'कशावरून?'चा रकाना कोरा... नापास. आता फळ्या पास करायच्या, तर आधी मला पास व्हावं लागणार!