एकशे चौदा पत्रं आणि निळा झेंडा

...नाही, पण मला एक सांगा, टिबेट्सला मी काढलं का? मी आपलं फक्त पत्र लिहिलं होतं. आता लोक मला दुकानात गाठतात, पाठ थोपटतात, 'एल्विन, शेवटी घालवलंस हो म्हाताऱ्याला, धन्य आहे तुझी' म्हणतात, आणि मी हातात पावाचं पुडकं धरून उभा. अहो, कसली धन्य? मी आपलं फक्त पत्र लिहिलं होतं! बरं, एक नाही, मान्य. एकशे चौदा. अकरा वर्षांत एकशे चौदा, जावक क्रमांकासकट, कारण अडतीस वर्षं मी कौंटीच्या दस्त नोंदणी कचेरीत काढली, आणि माणूस निवृत्त होतो, त्याच्यातला कारकून होत नाही.

आणि लिहू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, आमचं वॉर्डेल कॉलेज नदीच्या अलीकडे, ब्रिग्ज कॉलेज पलीकडे, मध्ये एक पूल. दर नोव्हेंबरात फुटबॉलचा सामना, आमचा अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा. जिंकणाऱ्याला काय मिळतं? एक मोडकं वल्हं. पूल व्हायच्या आधी जी होडी चालायची तिचं. त्या वल्ह्यानं आता कढीसुद्धा ढवळता येणार नाही, पण त्याच्यासाठी दोन गावं वर्षभर एकमेकांची तोंडं बघत नाहीत. आणि हा टिबेट्स, आमचा कोच, अकरा वर्षं ओळीनं ते वल्हं पलीकडे पाठवत होता, जसं काही त्यांना भाड्यानंच दिलं होतं! चेंडू पुढे न्यायला चार संधी मिळतात. चौथ्या संधीला भित्रा माणूस चेंडू लाथेनं लांब उडवून देतो, छातीवाला माणूस पळतो. टिबेट्स? लाथ. पाऊस असो, ऊन असो, दोन पावलं उरलेली असोत, लाथ. मग मोसमभर, दर सामन्यानंतरचा सोमवार उजाडला की मी बसायचो. 'विषय: कोच टिबेट्स यांस पदावरून दूर करणेबाबत. संदर्भ: माझे पूर्वीचे पत्र.' प्रत माझ्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मनाला का लावून घ्यायचं? कारण तो झेंडा माझ्या घरावर होता ना!

सांगतो, सांगतो. आमची बायको पलीकडची. नोरीन. सामन्याच्या सकाळी दोन्ही गावं पुलावर येतात, मधोमध एक पांढरी रेघ आहे, रेघेच्या अल्याड आम्ही तपकिरी शर्टात, पल्याड ते निळ्यात, दोन्हीकडची वाजंत्री, आणि रेघेवर उभं राहून एकमेकांची यथेच्छ निंदा करायची, हा आमचा धर्म. तिथे एकोणीसशे एकोणसत्तर साली एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "हा रंग मुद्दाम निवडलात, की नदीत पडलात?" झालं. पुढच्या जूनमध्ये लग्न.

तर आमच्याकडे अशी पुलावरची जोडपी चाळीसेक तरी आहेत, आणि त्यांचा एक रिवाज आहे. जो जिंकेल त्याचा झेंडा वर्षभर घराच्या पुढच्या ओसरीवर. हरणाऱ्यानं रविवारी चर्चमधून आल्यावर आपला झेंडा आपल्या हातानं उतरवायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. या नियमांची स्वच्छ नक्कल मीच केलेली आहे, सात कलमं, फ्रिजवर लावलीत. आणि अकरा वर्षं, साहेब, अकरा वर्षं माझ्या घरावर निळा झेंडा! टपालवाला मला विचारायचा, मालक घरात आहेत का?

आणि नोरीन काय करायची? सोमवारी मी पत्र खरडतोय, ही कॉफी घेऊन खांद्यावरून वाचतेय. "'अक्षम्य' लिहिलंस? मागच्या सोमवारी 'लज्जास्पद' होतं. चढतोय हं पारा." मग म्हणायची, "एल्विन, देवमाणूस आहे रे तो. त्याला काही बोलू नकोस." देवमाणूस असणारच, तिला दरवर्षी झेंडा देत होता! मग माझ्या हातातून कागद काढून घ्यायची, घडी घालायची, पाकिटात सरकवायची, जिभेनं चिकटवायची, तिकीट लावायची. टपाल तिच्याकडे होतं. लिहायचं मी, धाडायचं तिनं. सेहेचाळीस वर्षं हीच कामाची वाटणी.

गेल्या नोव्हेंबरात अकरावा पराभव झाला. तेव्हा ती शालीत होती, ओसरीवर खुर्ची टाकून. मला म्हणाली, झेंडा वाऱ्यानं गुंडाळलाय, सरळ कर. मी म्हटलं, शत्रूचा झेंडा मी सरळ करायचा? नियमात बसत नाही. मग स्वतः उठली, कठड्याला धरून, आणि दोन्ही हातांनी सरळ केला, टोकं ओढून, अंथरुणावरची चादर करतात तसा. आणि धापा टाकत बसली.

जानेवारीत गेली.

...हां. तर टिबेट्स. फेब्रुवारीत त्यांनी टिबेट्सला काढलं. का? कॉलेजच्या खेळ संचालकानं, माझी पत्रं ज्याला जायची त्यानं, निवेदन काढलं, 'नागरिकांकडून सातत्यानं आलेल्या लेखी भावना लक्षात घेऊन.' लेखी भावना! अख्ख्या गावात लिहितो कोण? बाकीचे रेडिओवर ओरडतात. मी आपलं फक्त पत्र लिहिलं होतं, आणि त्या पत्रांना अकरा वर्षांत उत्तर नाही, पोच नाही, आणि आता, आता यांना जाग आली?

त्या दिवशी सकाळी मी आमच्या नेहमीच्या उपाहारगृहात गेलो, तर दिवाळी! म्हणजे तुमच्या भाषेत दिवाळी. डेल्मर हचेन्स, माझा शेजारी, गेली तीस वर्षं मैदानाबाहेर गाडीच्या मागच्या फळीवर सॉसेजं भाजणारा, तो टेबलावर थापा मारत होता. नवा येणार म्हणे टेक्सासचा. लॅन्सिंग. पस्तिशीचा, पांढरेशुभ्र दात, चौथ्या संधीला लाथ मारतच नाही. कोणी म्हणालं नव्याला दोन वर्षं द्या, कोणी म्हणालं दोन महिने पुरेत, पेट्रोल पंपवाला म्हणाला कोच बदलून काय होतं, पोरंच ढिली आहेत, त्यावर डेल्मर म्हणाला ढिला तू आहेस. आणि मी, ज्यानं एकशे चौदा पत्रं लिहिली तो मी, उभा राहिलो आणि म्हणालो की टिबेट्सला अजून एक वर्ष द्यायला हवं होतं.

अहो, टेबलावरच्या थापा थांबल्या. डेल्मर म्हणाला, "तू? एल्विन, तू?" मी म्हटलं, हो, मी, माणसात सातत्य असावं, लाथ मारणाऱ्यानंही आणि आपणही. मला हे कसलं वाक्य सुचलं मलाच कळेना. पंपवाला हळूच म्हणाला, जाऊ दे रे, त्याची बायको गेलीय ना. हे बरं असतं. बायको गेली की माणसाला मत राहत नाही, नुसतं दुःख राहतं.

पण खरं सांगू का, त्यांना कळलं नाही ते मला त्या क्षणी कळलं. नवा कोच म्हणजे आम्ही जिंकणार. आम्ही जिंकलो की झेंडा उतरणार. तिनं दोन्ही हातांनी सरळ केलेला. एवढंच होतं सगळं. पण हे उपाहारगृहात कसं सांगणार?

मार्चमध्ये टिबेट्स घरी आला. मी दार उघडलं, तर हा हातात खोकं घेऊन उभा. मला वाटलं आता हा माझ्यावर काहीतरी फेकणार, आणि फेकलं असतं तर मी आवक नोंदवून घेतलं असतं. तो टोपी काढून म्हणाला, बाईंबद्दल वाईट वाटलं. मग म्हणाला, खोली रिकामी करताना संचालकानं फाईल माझ्या हाती दिली, ही तुमची पत्रं, तुमच्याकडे असावीत. तिसऱ्या वर्षीच्या त्या सामन्याबद्दल तुमचं बरोबर होतं, तो म्हणाला, तिथे मी पळायला हवं होतं. मी म्हटलं, छे छे, लाथच योग्य होती! दोघेही एकमेकांच्या बाजूनं भांडलो ओसरीवर, झेंड्याखाली. जाताना म्हणाला, "दुसरे कागदही वाचा, एल्विन. पत्रामागचे."

कुठले दुसरे कागद?

तुम्हाला सांगतो, एकशे चौदा पाकिटं, आणि प्रत्येकात माझ्या पत्रामागे टाचणीनं टोचलेली एक चिठ्ठी. नोरीनचं अक्षर. 'महाशय, सोबतचं पत्र माझ्या नवऱ्याचं आहे. माणूस वाईट नाही. सोमवारी त्याला काहीतरी लिहायला लागतं. कोचना काढू नका.' दुसरी, 'आज त्याचा गुडघा दुखतोय म्हणून कडक लिहिलंय.' तिसरी, 'आज माझ्याकडून मांस करपलं, राग तो आहे, कोचनी मनावर घेऊ नये.' सेहेचाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईनं माझ्या प्रत्येक अर्जाला हरकत नोंदवली होती, त्याच पाकिटात, माझ्याच तिकिटावर!

आणि शेवटची, गेल्या नोव्हेंबरातली. अक्षर हललेलं. 'पुढच्या वर्षी मी बहुतेक नसेन. तो एकटा असताना जिंकला तर त्याला फार जड जाईल. कोचना अजून एक वर्ष ठेवा.'

मग ठेवलं का नाही? सांगतो का ते. कचेरीत पहिलं पान वाचतात. मागचा कागद नुसता टोचून फायलीत जातो. मला माहीत आहे, मी अडतीस वर्षं तेच केलं. लोकांचे कसले कसले मागचे कागद असतील. मी टोचले, ठेवले.

तर आला नोव्हेंबर. पुलावर गेलो, तपकिरी शर्ट घालून, रेघेपाशी उभा राहिलो, आणि निंदाच सुचेना. समोर निळ्यातली एक अनोळखी बाई म्हणाली, बाबा, बरं वाटत नाही का? आमच्या रेघेवर असला प्रश्न कोणी विचारत नाही हो. तो अपमानच.

मैदानात डेल्मरच्या शेजारी बसलो. ब्रिग्जनं पहिले गुण केले आणि माझ्या तोंडून 'शाब्बास' गेलं. डेल्मरनं माझ्याकडे पाहिलं, सॉसेज खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि चावू लागला. मोठा माणूस. शेवटचं मिनिट. आम्ही तीन गुणांनी मागे. चौथी संधी. दोन पावलं उरलेली. सगळं मैदान उभं, आणि मी बसून पुटपुटतोय, लाथ मार, बाबा, लाथ मार, लांबूनच खांबांमधून मारून तीन गुण काढ, बरोबरी कर, काहीही कर, पण पळू नकोस... आणि लॅन्सिंग पळाला. म्हणजे पोरं पळाली. जे मी एकशे चौदा वेळा लिहून मागितलं होतं, शब्द न् शब्द, ते त्या टेक्सासच्या माणसानं पहिल्याच वर्षी करून दाखवलं! आणि आम्ही जिंकलो.

डेल्मरनं मला मिठी मारली. मी रडत होतो. शेजारचे म्हणाले, बघा, याला म्हणतात निष्ठा.

रविवारी चर्चमधून आलो तर डेल्मर शिडी घेऊन ओसरीवर. मी म्हटलं, हात लावायचा नाही. कलम चार. हरणाऱ्यानं आपल्या हातानं उतरवायचा, आणि हरणारी हजर नाही, सबब झेंडा राहील. काय मुद्दा होता! मला माझाच अभिमान वाटला. डेल्मर शिडीला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "एल्विन, माझ्या आईचं घर माझ्या नावावर करायला आलो होतो, तेव्हा सही कोणी करायची म्हणून विचारलं मी तुला. काय म्हणालास?"

काय म्हणालो? अडतीस वर्षं खिडकीत बसून प्रत्येकाला जे म्हणालो तेच. मयताच्या वतीनं वारसानं करायची.

शिडी चढलो. डेल्मरनं धरली. टोकं तिनं अशी घट्ट बांधली होती, दोन गाठी, वर तिसरी, की मला वाटलं ही बाई मला त्या सोडू देणारच नाही. सुटल्या. घडी मी घातली. माझा तपकिरी झेंडा लावला का? नाही. आपला लावलाच पाहिजे असं कलम नाही. मीच नक्कल केलीय, मला माहीत आहे.

आणि मग सोमवार उजाडला. काय करणार? बसलो. 'विषय: कोच लॅन्सिंग यांस पदावरून दूर करणेबाबत.' चांगलं दीड पान झालं. 'अक्षम्य' दोनदा आलं. आता संचालकाला वाटेल म्हातारा हरला तरी काढा म्हणतो, जिंकला तरी काढा म्हणतो... वाटू दे. मी आपलं फक्त पत्र लिहिलं. घडी घातली, पाकिटात सरकवली, आणि चिकटवणार, तर पाकीट हलकं लागलं हो हाताला.

मग दुसरा कागद घेतला. 'महाशय, सोबतच्या पत्राकडे लक्ष देऊ नका. माणूस वाईट नाही. सोमवारी त्याला काहीतरी लिहायला लागतं.' टाचणी टोचली. जिभेनं चिकटवलं, काय घाण चव असते हो त्या डिंकाची, सेहेचाळीस वर्षांत एकदा बोलली नाही. तिकीट लावलं.

चालायचंच. घरात टपाल अजून दोघांचं आहे, आणि कारकून एकच उरलाय.